श्रीलंकेत मे महिन्यात दहा रात्री: ठिकाणांची यादी नंतर, आधी पाऊस बघा

एका ताईंचा प्रश्न आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दहा रात्रींसाठी श्रीलंकेला जायचंय. दोघं नवरा-बायको, अकरा आणि सात वर्षांची मुलं, शिवाय गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. देवळं-राजवाडे फारसे नकोत, निसर्ग बघायचाय, आणि तोही सगळ्या तऱ्हांचा: जंगल, डोंगर, धबधबे, हत्ती, बिबट्या, देवमासे, समुद्र. यादी तयार आहे आणि तिच्यात चौदा नावं आहेत: नेगोंबो, विल्पत्तू, सिगिरिया, मिन्नेरिया, कँडी, नुवारा एलिया, हॉर्टन प्लेन्स, एला, याला, उडावालावे, सिंहराजा, मिरिसा, गॉल आणि बेंटोटा. "हे बसेल का? बसत नसेल तर काय काढू?" असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी गेली सोळा वर्षं श्रीलंकेच्या कौटुंबिक सहली आखते आहे. वर्षातून दोन-तीनदा स्वतःही जाते. तुमची यादी वाचताना आकड्याआधी एक वेगळीच गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. ही यादी डिसेंबर ते मार्चमध्ये जाणाऱ्या माणसाची आहे, आणि तुम्ही निघालाय मेमध्ये. चौदातली चार नावं काढली तर दगदग कमी होईल, पण चुकीच्या किनाऱ्यावर जाणं काही टळणार नाही. म्हणून काय काढू याच्याही आधी, त्या आठवड्यात बेटाची कुठली बाजू चांगली असते हे बघू.

श्रीलंकेला दोन पावसाळे आहेत. नैर्ऋत्येचा साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. तो कोलंबो, गॉल, मिरिसा, सिंहराजा आणि डोंगरांच्या पश्चिम उतारावर पडतो. ईशान्येचा डिसेंबर ते फेब्रुवारी, तो त्रिंकोमाली, बट्टिकलोआ आणि उत्तर-पूर्वेकडच्या सपाट भागात. मधल्या दोन फटींमध्ये, म्हणजे मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आपल्या वळवासारखा पाऊस येतो: सकाळ स्वच्छ, दुपारी ढग भरून येतात, गडगडाट होतो आणि तास-दोन तास धो धो. मधोमध उभा असलेला डोंगर हे सगळं वाटून देतो. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेला थोडं उतरलं की विरळ होतो हे आपल्याला पक्कं माहीत असतं. तिथेही नेमकं तेच घडतं, फक्त वर्षातून दोनदा आणि दोन उलट दिशांनी.

त्यामुळे "श्रीलंकेला जायला चांगला महिना कुठला?" या प्रश्नाचं एकच एक उत्तर नसतं. बेटाची कुठली ना कुठली बाजू जवळजवळ वर्षभर चांगली असते. प्रश्न बाजूचा असतो.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका मे महिन्यात तीन कुटुंबांना मिरिसाला घेऊन गेले होते. छापील पत्रकात "ब्लू व्हेल दर्शन" असं लिहिलेलं, आणि मी ते महिना न बघता उचललं. किनाऱ्यावर पोचलो तर लाल बावटा, पाणी गढूळ, लाटा हॉटेलच्या भिंतीपर्यंत आलेल्या, आणि व्हेल दाखवणाऱ्या बोटी बंदरात बांधून ठेवलेल्या. तीन रात्रींचे पैसे भरून झाले होते. एक नऊ वर्षांची मुलगी तिन्ही दिवस काचेला नाक लावून समुद्राकडे बघत बसली होती, तिचा चेहरा अजून आठवतो. त्यानंतर मी आधी महिना विचारते आणि मग नकाशा उघडते.

मिरिसाच्या समोर समुद्रतळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल जातो, म्हणून निळे देवमासे तिथे इतक्या जवळ येतात. पण तो हंगाम नोव्हेंबर ते एप्रिलचा. मेपासून तो समुद्र बोटीचा राहत नाही आणि पोहण्याचाही राहत नाही. पाण्याचा ओढा फसवा असतो, मुलांना घेऊन तर अजिबात उतरू नये. म्हणून मिरिसा, गॉल आणि बेंटोटा ही तिन्ही नावं यादीतून गेली. समुद्र काढायचा नाही, फक्त किनारा बदलायचा. याच दिवसांत त्रिंकोमालीच्या उत्तरेचा निलावेलीचा किनारा शांत, उथळ आणि निळा झालेला असतो. तुमच्या यादीत पूर्व किनाऱ्यावरचं एकही नाव नाही, आणि मेमध्ये खरा समुद्र तिकडेच आहे.

सिंहराजाही मी काढेन, आणि हे जड मनानं सांगते, कारण माझं सगळ्यांत लाडकं जंगल तेच. १९८८ सालापासून ते जागतिक वारसा यादीत आहे. तिथे वेगवेगळ्या जातींचे पक्षी मिळून एकच टोळी करून हिंडतात. जंगल दहा मिनिटं गप्प असतं आणि मग अचानक डोक्यावरची सगळी फांदी हलायला लागते: निळा मॅगपाय, लाल तोंडाचा मालकोहा, खाली पाचोळ्यात सातभाई. ही टोळी वीस-पंचवीस पावलांवरून सरकत जाते आणि पुन्हा सगळं शांत. पण हे जंगल पायी फिरायचं आहे, वाटाड्या सोबत लागतोच, आणि पावसात जळवा इतक्या की सात वर्षांचं मूल पहिल्या अर्ध्या तासातच रडकुंडीला येतं. त्यातून मेचा उत्तरार्ध हा त्या भागात दरडींचा आणि पुराचा काळ. २०१६ आणि २०१७ या दोन्ही वर्षी मे महिन्यातच नैर्ऋत्य श्रीलंकेत मोठे पूर आले, डोंगर खचले. जानेवारी ते मार्चमध्ये कधी गेलात तर सिंहराजासाठी दोन रात्री वेगळ्या ठेवा.

आता अंतराबद्दल. श्रीलंका पासष्ट हजार चौरस किलोमीटरची, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण पाचवा हिस्सा. नकाशावर सगळं हाताच्या अंतरावर दिसतं आणि इथेच लोक फसतात. द्रुतगती मार्ग दक्षिणेकडे आणि विमानतळाच्या बाजूला चांगले आहेत. बाकी रस्ते गुळगुळीत असले तरी दुपदरी. गावामागून गाव, शाळा सुटलेली, मध्येच रिक्षा, मध्येच वळण. सपाटीवर तासाला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर धरा आणि डोंगरात पंचवीस-तीस. कँडी ते नुवारा एलिया जेमतेम पंच्याहत्तर किलोमीटर, पण वेळ अडीच ते तीन तास. चौदा ठिकाणं म्हणजे जवळजवळ रोज सामान बांधणं. सासूबाईंना रोज नवी खोली, नवा जिना, नवं न्हाणीघर, आणि मुलांना रोज चार तास मागच्या सीटवर. हत्ती बघून आल्यावर त्याच्याबद्दल बोलत बसायलाही वेळ मिळत नाही.

विविधतेसाठी इतकं पळावं लागत नाही. या बेटावर निसर्ग बदलतो तो उंचीनं आणि पावसानं, किलोमीटरनं नाही. समुद्रसपाटी ते अडीच हजार मीटर, आणि कोरडा पट्टा ते ओला पट्टा, एवढ्यातच सगळं आलं. विल्पत्तू, मिन्नेरिया, याला आणि उडावालावे ही चार नावं कागदावर चार वाटतात, पण चारही कोरड्या पट्ट्यातली काटेरी झुडपांची आणि तळ्यांची जंगलं आहेत. मुलांना तिसऱ्या जीपमध्ये कंटाळा येतो तो यामुळेच. मी कार्यक्रम आखताना प्रत्येक मुक्कामासमोर एकच प्रश्न लिहिते: आधीच्या मुक्कामापेक्षा इथे हवा, झाडं आणि पायाखालची जमीन बदलते का? बदलत नसेल तर ते नाव गाळते.

हे धरून तुमच्यासाठी मी असं बसवेन: पहिली रात्र नेगोंबो, मग तीन रात्री सिगिरिया-हबरणा परिसर, दोन रात्री निलावेली, एक रात्र कँडी, दोन रात्री डोंगरातलं हापुतले किंवा एला, आणि शेवटची रात्र उडावालावे. दहा रात्रींत सहा मुक्काम. विमान सकाळी उतरत असेल तर नेगोंबो गाळून थेट सिगिरियाला जा आणि वाचलेली रात्र निलावेलीला द्या. रात्रीचं विमान असेल तर मात्र लहान मुलांना घेऊन अंधारात चार तासांचा रस्ता करू नका.

सिगिरियाला तीन रात्री कशाला, असं वाटेल. पहिला दिवस प्रवासाचा असतो, आणि सासूबाईंना एक दिवस काहीही न करता झाडाखाली बसायला मिळालं तर पुढचे सात दिवस बरे जातात. त्या परिसरात खूप काही आहे आणि ते सगळं अर्ध्या-एक तासाच्या अंतरात. सिगिरियाचा खडक चढायला साधारण बाराशे पायऱ्या आहेत. अकरा वर्षांचा मुलगा सहज चढेल, सात वर्षांचं मूल थांबत थांबत. सकाळी दार उघडताच आत जा, नऊनंतर खडक तापतो. सासूबाईंना वर न्यायचा आग्रह धरू नका. पायथ्याच्या जुन्या जलबागा सपाट आहेत, तिथे सावलीत माकडं आणि घोरपडी बघत छान वेळ जातो. शेजारच्या पिदुरंगला या दुसऱ्या खडकावरून सिगिरियाचा खडक समोर दिसतो म्हणून तो अलीकडे फार गाजतोय. पण शेवटची पंधरा मिनिटं मोठ्या धोंड्यांवरून हात टेकत चढावं लागतं. धाकट्याला तिथे नेऊ नका.

मिन्नेरियाबद्दल नीट समजून घ्या, कारण इथे महिना पुन्हा आडवा येतो. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजानं तिसऱ्या शतकात बांधला. पाऊस थांबून महिने झाले की त्याचं पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि आसपासच्या जंगलांतले हत्ती त्या गवतासाठी शेकड्यांनी जमतात. हे जुलै ते सप्टेंबरमध्ये, कधी ऑक्टोबरपर्यंत. मेमध्ये तलाव बहुधा भरलेला असतो आणि हत्ती शेजारच्या हुरुलू किंवा कौडुल्ला भागात पांगलेले असतात. म्हणून "मिन्नेरियाची जीप" आधीपासून ठरवू नका. हबरण्याला पोचल्यावर हॉटेलच्या माणसाला विचारा, आज हत्ती कुठल्या बाजूला आहेत? जीपवाल्यांना ते रोज ठाऊक असतं. तीन वाजता निघून सूर्यास्ताला परत या. हत्तीवर बसवण्याच्या जाहिराती वाटेत दिसतील, तिकडे वळू नका. साखळीनं दिवसभर बांधलेल्या जनावराच्या पाठीवर मुलांना बसवण्यापेक्षा मोकळा हत्ती शंभर पावलांवरून दाखवा.

निलावेलीसमोर पिजन आयलंड नावाचं छोटं बेट आहे. २००३ पासून ते सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. किनाऱ्यावरून बोटीनं दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या बोटीनं जा, साडेनऊनंतर माणसांची जत्रा होते. किनाऱ्यालगतचा बराच प्रवाळ तुटलेला आहे, त्यावरून चालणाऱ्यांनीच तुडवलेला, म्हणून आधी मन खट्टू होईल. पण थोडं आत गेलात की जिवंत भाग सुरू होतो, आणि काळ्या टोकांच्या पंखांचे लहान शार्क उथळ पाण्यात फिरताना दिसतात. ते माणसाच्या वाटेला जात नाहीत. मोठ्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो घाबरून पाय आपटेल आणि प्रवाळाला लागेल. तुकडे पायाला कापतात, रबरी बूट घ्या. मुलांना लाइफ जॅकेट पोहता येत असलं तरी घालाच. उन्हासाठी क्रीम चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे चांगले. पाठही भाजत नाही आणि क्रीम पाण्यातही जात नाही.

देवमासे त्रिंकोमालीच्या समुद्रातही मेमध्ये असतात, पण मिरिसाच्या हंगामाइतकी खात्री तिथे नसते. तीन-चार तास बोटीत काढून नुसते डॉल्फिन बघून परतलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. धाकट्याला गाडी लागत असेल तर बोट नक्कीच लागेल. गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो, आणि मुलांचा डोस तुमच्या डॉक्टरांना इथेच विचारून ठेवा. माझा सल्ला: मोठा आणि त्याचे बाबा बोटीनं जाऊ देत, बाकीच्यांनी किनाऱ्यावर राहावं. बोटवाल्याला निघण्याआधीच सांगा की देवमाशाच्या शंभर मीटरच्या आत जायचं नाही. नियमही तोच आहे. गिऱ्हाइकानं सांगितलं की तो पाळला जातो, कारण जवळ नेण्याची घाई बहुतेक वेळा आपल्याच लोकांच्या आग्रहापोटी होते.

निलावेली ते कँडी हा तुमचा सर्वांत लांब दिवस, पाच तास धरा. म्हणून कँडीत दुसरं काही ठेवू नका, फक्त पेरादेनियाचं वनस्पती उद्यान बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी. हे उद्यान १८२१ मधलं आहे, रस्ते सपाट आणि बाकं भरपूर. मोठ्या हिरवळीवर जावा अंजिराचं एकच झाड आहे, त्याच्या छायेत अख्खं वऱ्हाड जेवायला बसेल. उंच झाडांवर मोठी वटवाघळं शेकड्यांनी लटकलेली असतात, काळ्या छत्र्या वाळत घातल्यासारखी, आणि दिवसाढवळ्या पंख पसरून अंगाला वारा घालतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उष्ण कटिबंधातली झाडं इतक्या सुखानं बघायला मिळतील अशी जागा दुसरी नाही. माझ्या अनुभवात आजी-आजोबांच्या आठवणीत हीच सकाळ सर्वांत जास्त राहते.

पुढचा टप्पा आगगाडीचा. कँडी ते एला गाडी सहा-सात तासांची आहे आणि सगळे तीच सांगतात. तुम्ही ती पूर्ण घेऊ नका. उद्यान बघून मोटारीनं नानू ओयापर्यंत जा, हे नुवारा एलियाचं स्टेशन, आणि तिथून हापुतले किंवा एलापर्यंत गाडीत बसा. दोन-तीन तासांत सर्वांत सुंदर भाग बघून होतो. सामान घेऊन ड्रायव्हर रस्त्यानं पुढे येतो आणि स्टेशनवर भेटतो. वाटेत पट्टिपोला लागतं, १,८९१ मीटरवरचं, देशातलं सर्वांत उंच स्टेशन. त्यानंतर एक बोगदा आहे. तो संपेपर्यंत मुलांना खिडकीशी उभं करा. अलीकडे धुकं, गारठा, शेवाळलेली झाडं, अंगावर तुषार. पलीकडे ओहियाच्या बाजूला कित्येकदा लख्ख ऊन, पिवळं गवत आणि खाली पार क्षितिजापर्यंत उतरत गेलेल्या टेकड्या. वर पावसाची वाटणी सांगितली ना, तिची रेघ त्या बोगद्यातून जाते. दोन मिनिटांत तुम्ही ती ओलांडता. भूगोलाचं पुस्तक मुलांना जे सांगत राहतं ते तिथे त्यांच्या गालाला कळतं.

या कारणानंच मी तुम्हाला नुवारा एलियात नव्हे, बोगद्यापलीकडे मुक्काम करायला सांगते आहे. मेच्या मध्यानंतर नुवारा एलिया कित्येकदा दिवसभर ढगात बुडालेलं असतं, तर हापुतले-एला बाजूला सकाळ मोकळी मिळण्याची शक्यता जास्त. दुपारी एखादी सर येईल, ती धरून चाला. एला तरुणांचं गाव झालंय, रात्री गाणीबजावणी असते. सासूबाई बरोबर असताना मी हापुतले किंवा बंडारवेला निवडेन. तिथून पहाटे रिक्षानं लिप्टन्स सीट या उंचावरच्या देखाव्याच्या जागी जाता येतं. चहाच्या मळ्यांतून वर वर जाणारा रस्ता, शेवटपर्यंत गाडी जाते, चढायला जवळजवळ काही नाही. आठनंतर ढग येतात.

हॉर्टन प्लेन्सचं काय? दोन हजार मीटरच्या वरचं माळरान, सांबरं, बुटकी वाकडी झाडं, आणि शेवटी वर्ल्ड्स एंडचा सुमारे ८७० मीटरचा सरळ कडा. सगळा फेरा नऊ किलोमीटरच्या आसपास, वर-खाली, दगडगोट्यांचा. पाचला निघून सहाला दारात पोचलात तर कडा दिसतो, नऊनंतर समोर पांढरी भिंत असते. मेमध्ये सकाळीही दिसेलच असं सांगता येत नाही. मोठा उत्साही असेल तर त्यानं आणि एका पालकानं जावं, बाकीच्यांनी लिप्टन्स सीट. दाराशी पिशव्या तपासतात आणि प्लास्टिकची वेष्टनं काढून घेतात, डबा स्टीलचा न्या. धबधब्यांसाठी वेगळा दिवस नको. एलाजवळचा रावणा धबधबा उडावालावेच्या दिवशी थोड्या वळशानं बघता येतो. मात्र पाण्यात उतरू नका, खडक निसरडे आहेत.

उडावालावे मी शेवटी ठेवलंय ते मुद्दाम. हत्तींसाठी वर्षभराची खात्री असलेलं उद्यान हेच. मोठ्या तलावात बुडून वाळलेल्या झाडांचे सांगाडे उभे असतात, त्यांवर पाणकावळे आणि मत्स्यगरुड बसलेले. हत्ती जीपपासून पाच-सात मीटरवर चरतात आणि ढुंकूनही बघत नाहीत. तुमच्या मुलांना एकच गोष्ट नीट बघायला सांगा. हत्ती पायाच्या नखांनी गवताचा झुबका सैल करतो, सोंडेनं उपटतो, मग तो झुबका पुढच्या पायावर दोन-तीनदा आपटतो, मुळांची माती झटकतो आणि मग तोंडात घालतो. पिल्लं तसंच करून बघतात, पण त्यांच्या सोंडेतून अर्धं गवत निसटतं. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, तो झटकण्याचा आवाज ऐकू येतो. जवळच अनाथ पिल्लांचं एलिफंट ट्रान्झिट होम आहे, १९९५ पासूनचं. तिथे पिल्लांना हात लावता येत नाही, दुरून दूध पाजताना बघायचं, आणि मोठी झाली की ती जंगलात सोडली जातात. सासूबाईंना जीपचे धक्के सोसणार नसतील तर त्यांनी हे बघावं.

राहिला बिबट्या. तुमच्या मोठ्यानं त्याचाच हट्ट धरलाय असं तुम्ही लिहिलंय. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही, त्यामुळे बिबट्या तिथला सर्वांत वरचा शिकारी आहे आणि काही ठिकाणी उघड्यावर बसलेला दिसतो. पण एका फेरीत दिसेलच असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. बिबट्यासाठी जायचं तर एकाच उद्यानात किमान दोन फेऱ्या, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. तुमच्या कार्यक्रमात त्याची जागा करता येईल: उडावालावेऐवजी शेवटी याला, आणि कँडीची रात्र काढून यालाला दोन. मग निलावेलीहून मोटारीनं पूर्वेकडच्या रस्त्यानं थेट एला गाठावं लागेल, म्हणजे आगगाडी आणि पेरादेनिया दोन्ही जातात. मी हा सौदा करणार नाही, पण मुलगा तुमचा आहे. यालाला गेलात तर एक तयारी ठेवा. बिबट्या दिसला की फोन खणखणतात आणि दहा मिनिटांत तीस-चाळीस जीप एका झाडाखाली गर्दी करतात. मी अशा वेळी ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगते. बिबट्या दाखवलास तर जास्त पैसे, असं त्याला कधी बोलू नका. ती धावाधाव त्या बक्षिसापायीच होते.

जेवणाबद्दल एवढंच. तुम्ही शाकाहारी असाल तर "नो मीट" म्हणून भागत नाही. नारळाच्या सांबोलात म्हणजे चटणीत आणि पुष्कळ भाज्यांत उंबलकड म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा चवीला असतो, तो त्यांच्या लेखी मसाला आहे. "उंबलकड नको" असं नेमकं सांगा, लगेच समजतात. आप्प म्हणजे तांदळाच्या पिठाचं वाटीसारखं धिरडं, इडिआप्प म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या शेवया, परिप्पू म्हणजे आपल्या वरणासारखी डाळ, हे मुलांना आवडतं. उडावालावेच्या रस्त्यावर मडक्यातलं म्हशीचं दही आणि कितुल माडाचा काकवीसारखा पाक मिळतो. सासूबाईंसाठी थांबून घ्या.

पौर्णिमेची तारीख बघून ठेवा. दर पौर्णिमेला तिथे सुट्टी असते, आणि मेमधली वेसाकची पौर्णिमा सर्वांत मोठी. तो आठवडा तुमच्या वाटेत आला तर आगगाडी आणि डोंगरातली हॉटेलं महिनाभर आधीच भरतात, रस्ते तुंबतात. पण वेसाकची रात्र फार सुंदर असते. घराघरांवर कागदी कंदील लावतात आणि रस्त्याकडेला दंसल म्हणजे फुकट जेवणाचे मांडव उभे राहतात, कुणीही रांगेत उभं राहावं. तशी रात्र मिळाली तर ती हबरण्यासारख्या छोट्या गावात मिळावी असं बघा, कँडीत नको.

बदलू शकणाऱ्या गोष्टी दोनच. तुमची सहल डिसेंबर अखेरीला गेली तर हे सगळं उलटं करा: निलावेली काढा, मिरिसा परत आणा, हॉर्टन प्लेन्सची आशा जास्त ठेवा. दिवाळीत गेलात तर कुठलाच किनारा पूर्ण भरवशाचा नसतो, दुपारी सगळीकडे पाऊस आणि नोव्हेंबरात चक्रीवादळांचीही भीती. तेव्हा समुद्राला एकच रात्र द्या आणि बाकी सकाळी फिरा.

बुकिंगचा क्रम असा ठेवा. आधी निलावेली आणि हापुतले, खाली उतरायला जिने नसलेल्या खोल्या मागून घ्या. मग ड्रायव्हरसह गाडी, सात आसनी, कारण पाच माणसं आणि सामान लहान गाडीत बसत नाही. आगगाडीची आरक्षणं तीस दिवस आधी उघडतात आणि चांगल्या जागा भराभर संपतात. डोंगरातला तो मार्ग पावसात दरडींनी अधूनमधून बंद पडतो, म्हणून पैसे भरण्याआधी तो भाग चालू आहे ना ते विचारा. बंद असेल तर तोच रस्ता मोटारीनं करा, मुक्काम बदलत नाहीत. उद्यानांची तिकिटं परदेशी पाहुण्यांना महाग आहेत आणि जीपचं भाडं वेगळं, पण सार्क देशांच्या नागरिकांना काही ठिकाणी कमी दर लागतो. पाचही पासपोर्ट खिडकीवर दाखवा, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. जीप आणि बोटी मात्र इथून ठरवू नका. त्या आदल्या संध्याकाळी, आकाश बघून.